आजीच्या ट्रंकेतलं भरतकाम आणि ॲप्लिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आवराआवर सुरू झाली किंवा एखादा वाडा पाडायला निघाला की आमच्याकडे फोटोंचा पाऊस पडतो. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी, भरलेले पदर. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एक विनंती सगळ्यांनाच: फोटो पाठवताना कापडाच्या उलट्या बाजूचाही पाठवा. निम्मी उत्तरं तिथेच असतात.

१. ‘व्हिंटेज’ म्हणजे नक्की किती जुनं?

ठाम नियम नाही. बाजारात वीस-पंचवीस वर्षांपुढच्या कशालाही व्हिंटेज म्हणून मोकळे होतात आणि शंभरी गाठली की ‘अँटिक’ म्हणतात. शंभर या आकड्याला आपल्याकडे कायद्याचंही वजन आहे, ते प्रश्न २० मध्ये पाहा. आमच्यासमोर येणारं बहुतेक काम स्वातंत्र्याच्या आगेमागे ते घरोघरी रंगीत टीव्ही येईपर्यंतच्या काळातलं असतं. त्याला नुसतं ‘जुनं’ म्हटलं तरी चालतं.

२. भरतकाम, ॲप्लिक, पॅचवर्क, कटवर्क यांत माझा नेहमी घोळ होतो. फरक काय?

भरतकामात दोऱ्याने कापडावर नक्षी उमटवतात. ॲप्लिकमध्ये दुसऱ्या कापडाचा आकार कापून, कडा आत दुमडून, हेम घालून किंवा काजाच्या टाक्याने मूळ कापडावर बसवतात. पॅचवर्कला खाली मूळ कापड नसतंच, तुकड्याला तुकडा जोडून कापड तयार करतात. कटवर्कमध्ये आधी नक्षीच्या कडेने दाट काजाचा टाका घालतात आणि मग मधलं कापड कापून जाळी काढतात.

एकाच वस्तूत हे दोन-तीन प्रकार सर्रास सापडतात. पिवळ्या केसमेंट कापडाचं बदक ॲप्लिकने बसवलेलं, त्याची चोच भरलेली आणि डोळ्याच्या जागी एक फ्रेंच नॉट, म्हणजे गाठीचा टाका, अशी दुपटी तुम्हीही पाहिली असतील.

३. आजी एवढं सगळं कशासाठी भरत बसायची? ट्रंकेत ट्रे-क्लॉथच अकरा निघाले!

रुखवतासाठी. लग्नात मुलीकडून मांडलं जाणारं रुखवत म्हणजे लाडू-चिवड्याबरोबर तिच्या हातच्या कामाचं प्रदर्शनच असायचं. ताटावर झाकायचे रुमाल, टेबलक्लॉथ, अभ्र्यांच्या जोड्या, टीकोझी, हातपंखे, मण्यांची तोरणं. त्यातलं बरंचसं लग्नानंतर कधी वापरलंच गेलं नाही, म्हणून तर ते आज धड अवस्थेत सापडतं. घडी कधी उलगडलीच नाही, त्यामुळे फाटलं तर ते बरोबर घडीच्या रेषेवर.

दुसरा मोठा गठ्ठा बाळंतविड्याचा: झबली, टोपरी, दुपटी आणि खणाची कुंची. हे मात्र भरपूर वापरलेलं, घरातल्या चार-पाच बाळांच्या अंगावरून गेलेलं असतं. तिसरा प्रकार झाकणांचा. रेडिओवर, शिलाई मशीनवर, पुढे टीव्हीवरसुद्धा भरलेलं कापड घालायची पद्धत होती. अकरा ट्रे-क्लॉथ म्हणजे फार नाहीत. शाळेत शिवणकामाच्या तासाला एक, मग नमुना म्हणून एक, मावशीला द्यायला म्हणून एक, आणि देणं राहून गेलं.

सगळं काही आनंदाने भरलं होतं असं मात्र समजू नका. ‘मुलीला भरतकाम येतं का?’ हा पाहण्याच्या कार्यक्रमातला प्रश्न होता, आणि कित्येक अभ्रे त्याचं उत्तर म्हणून भरले गेले.

४. हाताचं काम आहे की मशीनचं, हे कसं ओळखायचं?

कापड उलटं करा. हाताच्या कामात मागे दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारून गेलेला दिसतो. कुठे बारीक गाठ, कुठे दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखाली सरकवून दडवलेलं. पुढून पाहिलं तर पाच पाकळ्यांमधली एखादी किंचित आखूड असते. लेझी डेझीच्या, म्हणजे पाकळीसारख्या टाक्याच्या, फासाला अडकवणारा छोटा टाका कुठे सरळ पडतो, कुठे तिरका.

कॉम्प्युटरवर केलेल्या कामात मागे बहुतेक वेळा सगळ्या रंगांखाली एकच पांढरा बॉबिनचा दोरा असतो, आणि कागदासारखं कडक अस्तर किंवा त्याचे अवशेष चिकटलेले असतात. प्रत्येक फूल दुसऱ्याची नक्कल.

या दोन्हींच्या मधला प्रकार लोकांना फसवतो. पायमशीनचा कापड दाबणारा पाय काढून, रिंगमध्ये ताणलेलं कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवत केलेलं भरतकाम. टाके मशीनचे, पण रेघेला हाताचं वळण असतं आणि फुलं एकसारखी नसतात. सिंगर आणि उषाच्या मशीनवर कित्येक बायकांनी हे शिकून घरबसल्या पैसे मिळवले. ‘मशीनचं’ म्हणून ते बाजूला टाकू नका, त्यात भरपूर कसब आहे.

आणि ‘मशीनचं म्हणजे नवं’ हेही खरं नाही. स्वित्झर्लंडच्या आयझॅक ग्रोबली यांनी शिफली भरतकाम यंत्र १८६३ मध्ये काढलं. म्हणजे पणजीच्या पोलक्याची भरलेली लेस यंत्रावरची असू शकते.

दोन अपवाद लक्षात ठेवा. आरीच्या, म्हणजे आकड्यासारख्या टोकाच्या सुईच्या, कामात पुढे साखळी आणि मागे सलग बारीक रेघ दिसते, ती मशीनच्या टिपेसारखीच वाटते. तिथे टाक्याची लांबी मोजून पाहा, वळणावर हाताचे टाके लहान होतात. दुसरा अपवाद प्रश्न ६ मध्ये.

५. कोणत्या काळातलं आहे ते कळेल का? वर तारीख वगैरे काही नाही.

नेमकं साल क्वचित कळतं, दशकाचा अंदाज बांधता येतो. आधी कापड पाहा. मांजरपाट, लाँगक्लॉथ, मॅटी, केसमेंट, ऑर्गंडी ही कापडं दीर्घकाळ चालत आली, त्यामुळे त्यांच्यावरून फारसं ठरत नाही. पण कापडात पॉलिएस्टर असेल तर वस्तू टेरिलीन-टेरिकॉटच्या जमान्यातली किंवा नंतरची. शिलाईच्या आतल्या बाजूचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

ॲप्लिकचा तुकडा मागे चिकटवलेला, ताठ आणि प्लॅस्टिकसारखा लागत असेल तर फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, वापरलंय, म्हणजे काम अलीकडचं. नक्षीचाही उपयोग होतो. छत्री घेतलेली, मोठ्या घेराचा झगा घातलेली मुलगी इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तकांतून आणि इस्त्रीने उठणाऱ्या छापांतून आपल्याकडे आली, आणि मराठी घरांत तिने चांगलाच मुक्काम ठोकला.

अतिनील दिव्याखाली चमकतं का पाहण्याचा सल्ला इंटरनेटवर मिळतो. आपल्याकडे तो निरुपयोगी आहे. हल्लीच्या साबण-पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे एकदा त्यात धुतलेलं जुनं कापडही चमकतं.

६. पणजीच्या काळ्या चंद्रकळेच्या पदरावर गोपुरं, रथ आणि हत्ती भरलेत. मागची बाजू पुढच्यासारखीच आहे. म्हणजे मशीनचं ना?

उलट! ही हाताच्या कामाची खूण आहे. हा कर्नाटकी कशिदा, म्हणजे कसुती. धारवाड-हुबळीच्या भागातली ही कला इरकली लुगड्यांबरोबर सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या घरांत कधीच रुळली.

कसुतीत चार टाके. गवंतीमध्ये धावदोरा घालत पुढे जायचं आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या, त्यामुळे रेघ दोन्हीकडून सारखी दिसते. मुरगी हीच युक्ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढवते. नेगी विणल्यासारखा दिसतो, मेंथी म्हणजे फुलीचा टाका, आणि या दोघांत मात्र मागची बाजू वेगळी असते. कुठेही ट्रेसिंग नसतं. कापडाचे धागे मोजून भरायचं, आणि गाठ मारायची नाही.

गोपुराच्या एका बाजूचा कळस दुसऱ्यापेक्षा एका धाग्याने बुटका आहे का, ते भिंग लावून पाहा. काळ्या लुगड्यावर, कंदिलाच्या उजेडात धागे मोजणाऱ्या बाईचा एखादा धागा चुकणारच.

७. आजोबांनी जगन्नाथपुरीहून आणलेली रंगीबेरंगी ॲप्लिकची छत्री आहे. ती मौल्यवान आहे का?

ती पिपलीची असणार. पुरी जिल्ह्यातल्या या गावात ॲप्लिकचा धंदा जगन्नाथाच्या सेवेतून वाढला. छत, छत्र्या आणि रथांची आच्छादनं तिथले कारागीर करत आले आहेत. रथांच्या कापडाचे रंगही ठरलेले: जगन्नाथाचा लाल-पिवळा, बलभद्राचा लाल-हिरवा, सुभद्रेचा लाल-काळा.

यात्रेकरूंसाठी केलेल्या वस्तू पुष्कळ असल्यामुळे पैशांत मोठी किंमत येईलच असं नाही. पण जुन्या कामात कडा हाताने दुमडून शिवलेल्या असतात आणि लाल रंग हमखास सुटतो, म्हणून धुवायच्या आधी प्रश्न ९ वाचाच.

८. धुवायचं की तसंच ठेवायचं?

साधं सुती कापड, पक्के रंग, कुठे विरलेलं नाही: धुवा. घाम, खळ आणि धूळ तशीच राहिली तर कापड लवकर कुजतं. रेशीम, जरी, आरसे, मणी किंवा घडीवर चिरलेलं कापड: धुऊ नका.

पद्धत अशी. मोठ्या परातीत किंवा टबात थंड ते कोमट पाणी घ्या. जुन्या मच्छरदाणीचा एक मोठा तुकडा खाली पसरून कापड त्यावर ठेवा. कापड उचलायचं ते नेहमी मच्छरदाणीला धरून, कारण ओल्या कापडाचं वजन जुन्या धाग्यांना पेलत नाही. सौम्य, बिनरंगी द्रव साबणाचे थोडे थेंब पुरतात. चोळायचं नाही, पिळायचं नाही, तळव्याने हलकं दाबत राहायचं. पहिलं पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा साठलेली घाण असते. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर लोहाचे पिवळे ठिपके पडतात.

मग टर्किशच्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. दोरीवर टांगू नका.

रिठ्याबद्दल नेहमी विचारलं जातं. रोजच्या वापरातल्या, नव्या गडद रेशमाला रिठा चांगला, पण रिठ्याचं पाणी तपकिरी असतं आणि पांढऱ्या कापडावर त्याची झाक राहते.

९. रंग सुटेल का हे आधी कसं कळेल? आणि सुटलाच तर?

पांढऱ्या सुती कापडाची चिंधी ओली करून प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर, उलट्या बाजूने, मिनिटभर दाबून धरा. मग हेच साबणाच्या पाण्याने करा. लाल, मरून, काळा आणि गर्द निळा यांच्यावर विश्वास ठेवू नका. ॲप्लिकच्या प्रत्येक कापडाचीही वेगळी चाचणी घ्या, कारण बाईने घरातल्या दहा चिंध्या वापरलेल्या असतात आणि नऊ पक्क्या निघाल्या तरी दहावी घात करते.

धुताना रंग सुटलाच तर एकच नियम: वाळू देऊ नका. ओलं आहे तोवर तो रंग परत काढता येतो. वाहत्या थंड पाण्याखाली धरा, मग भरपूर पाण्यात पसरून ठेवा आणि पाणी बदलत राहा. रंग शोषणारे कागद मिळतात, तेही टाका. घाबरून मीठ किंवा तुरटी टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. सुटलेला रंग त्यामुळे परत दोऱ्यात जात नाही.

१०. पांढरा टेबलक्लॉथ पिवळा पडलाय. ब्लीच चालेल?

क्लोरीनचं ब्लीच नाही म्हणजे नाही. ते सुती धागाच खातं. दोन महिन्यांनी कापड घडीवर फाटतं आणि दोष जुनेपणाला दिला जातो. रेशीम तर त्याने पिवळं पडतं.

पूर्ण पांढरं सुती काम असेल, म्हणजे दोराही पांढरा, तर ऑक्सिजनवालं ब्लीच कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात काही तास भिजत ठेवा आणि भरपूर पाण्याने खळबळा. ओलं कापड हिरवळीवर उन्हात पसरणं हा त्याच्याही आधीचा उपाय, अजूनही चांगला. रंगीत दोरा असेल तर दोन्ही नकोत.

थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्या. साठ वर्षांच्या कापडाला आजच्या कागदासारखा पांढरा रंग शोभतही नाही, असं आमचं मत.

११. लोखंडी ट्रंकेमुळे तपकिरी ठिपके पडलेत. लिंबू-मीठ लावू का?

आधी ठिपका गंजाचाच आहे का पाहा. गंजाचा डाग सहसा नारिंगी, ट्रंकेच्या कड्याला, टाचणीला किंवा हुकाला लागून असलेला. साबणाने न जाणारे, सगळीकडे विखुरलेले फिकट तपकिरी ठिपके बहुधा बुरशीचे किंवा जुन्या खळीचे असतात, त्यांच्यासाठी प्रश्न ८ आणि १० पाहा.

गंजावर लिंबू-मीठ चालतं, पण फक्त पांढऱ्या सुती कापडावर आणि रंगीत टाक्यापासून दूर. रस लावा, ओला ठेवा, तासाभरात धुवा. आम्ल कापडात राहिलं तर तिथे भोक पडतं. गंजावर क्लोरीन ब्लीच टाकलं तर डाग कायमचा बसतो. एखादा डाग न गेल्यास तिथेच थांबा.

१२. भरलेल्या फुलाच्या बाहेर निळी रेघ दिसते. शाईचा डाग आहे का?

ती ट्रेसिंगची रेघ. बटर पेपरवर नक्षी काढून, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडून, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. दुकानदार आजही साधारण असंच करतात, गडद कापडावर निळीऐवजी पांढरी पावडर. रेघ ठिपक्याठिपक्यांची असेल तर ती याच पद्धतीची.

पहिल्या धुण्यात ती बहुतेक जाते. पण न धुता इस्त्री फिरवलेली असेल तर पक्की बसलेली असू शकते. आम्ही तिला फारसं छेडत नाही. बाईने छापाची रेघ सोडून पान जरा लहान केलं, हा निर्णय त्या रेघेमुळेच दिसतो.

१३. इस्त्री आणि खळीचं काय?

इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून, कापड किंचित दमट असताना. सुलटी केली तर भरलेली फुलं चपटी होतात. खळ फक्त वापरायच्या दिवशी. ठेवणीतल्या कापडाला खळ म्हणजे कसरीला आमंत्रण.

१४. धुतल्यावर ॲप्लिकचं बदक फुगलं आणि भोवतीचं कापड आकसलं. आता?

दोन कापडांचं आटणं वेगवेगळं असतं म्हणून असं होतं. जुन्या बायका ॲप्लिक करण्याआधी दोन्ही कापडं पाण्यातून काढायच्या ते याचसाठी. आता पुन्हा पूर्ण ओलं करा, टॉवेलवर पसरा, बदकाच्या भोवतालचं कापड बोटांनी हळूहळू बाहेर सरकवा आणि कडेला स्टीलच्या वाट्या ठेवून वाळू द्या. टाचण्या नकोत. सत्तर टक्के तरी बसतं. उरलेल्या सुरकुत्यांसाठी टाके उसवायच्या भानगडीत पडू नका.

१५. ॲप्लिकचा वरचा तुकडाच विरलाय, खालचं कापड धड आहे. नवा तुकडा लावू?

जुना काढू नका. त्याच्यावर त्याच रंगाच्या पातळ नेटचा तुकडा, त्याच आकाराचा किंचित मोठा कापून, कडेने बारीक टाक्यांनी बसवा. नेटखालून जुनं कापड दिसत राहतं आणि पुढे झडत नाही. टाके जुन्या काजाच्या टाक्यांच्या मधोमध, आधीच्याच भोकांतून घाला.

अर्धा तुकडा गळूनच गेला असेल तर खालून नवं कापड सरकवा. ते कोरं नको, मऊ पडलेल्या जुन्या साडीचं किंवा धोतराचं हवं. कोरं कापड जुन्याला ओढतं आणि शेजारी नवी चीर पडते. चिकटवायचं काहीही वापरू नका. डिंकाचा डाग काही वर्षांनी तपकिरी होतो आणि मग कुणालाच काही करता येत नाही.

१६. जुन्या रंगाचा दोरा मिळत नाही. नवा दोरा लावला तर लगेच ओळखू येतो.

अँकर आणि डीएमसी या दोन्ही दोरा-कंपन्यांच्या लड्या साधारण ८ मीटरच्या, सहा पदरी. जुनी लडी सापडली आणि तिच्या पट्टीवर नंबर असला तर अर्धं काम झालं, कारण बरेच नंबर अजून चालू आहेत. उदाहरणार्थ डीएमसीचा ३१० म्हणजे काळा. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीत बदलून देणारे तक्ते मिळतात, पण ते ‘जवळपास’चे असतात.

दुकानात जाताना कापडाची उलटी बाजू जुळवू नका. तिथे रंग उडालेला नसतो. सुलटीकडचा उडालेला रंग दिवसाउजेडी जुळवा आणि शंका असेल तर एक छटा फिकी घ्या. दोन पदर जुळत नसतील तर एक एका छटेचा, एक दुसऱ्या छटेचा असे एकत्र ओवा. चहाच्या पाण्यात बुडवून दोरा ‘जुना’ करू नका, चहातलं टॅनिन धाग्याला बाधतं.

१७. आईने अर्धवट सोडलेला टेबलक्लॉथ आहे, सुईसुद्धा तशीच अडकवलेली. मी पूर्ण करू का?

सुई आधी काढा, ती गंजते. बाकी निर्णय तुमचा. पूर्ण करायचा असेल तर सुरुवातीलाच एक-दोन चौरस इंच चिंधीवर आईचा हात समजून घ्या: ती दोरा किती ताणायची, किती पदर घ्यायची, पाकळी टोकाकडून सुरू करायची की मधून. जिथे तुमचं काम सुरू होतं तिथे मागच्या बाजूला एक छोटा टाका वेगळ्या रंगाचा घाला. पुढच्या पिढीला दोन हात वेगळे ओळखता येतील. कापड पिवळं पडलेलं असेल तर ते आधी धुवा आणि मग भरा, आधी ट्रेसिंगचा फोटो काढून ठेवून.

१८. अभ्र्यांचे कुशन कव्हर, पदराचं ब्लाउज करायचं आहे. कापलं तर पाप लागेल का?

पाप नाही, पण घाईही नको. धड, पूर्ण वस्तू कापू नका. आधीच फाटलेल्या, मधून विरलेल्या वस्तूचे भरलेले कोपरे वाचवून दुसरीकडे लावणं हे तर आपल्या घरांत कायम होत आलंय. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, काठांचं दुपटं.

ब्लाउजसाठी जुना पदर वापरू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. काखेत आणि पाठीवर ताण येतो, घाम लागतो, आणि तीन-चार वेळा घातल्यावर चिरतं. त्यापेक्षा तो नव्या ओढणीवर किंवा शालीवर मोठ्या तुकड्यात बसवा. कुशनला वापरायचं तर मागून मलमलचं अस्तर आधी जोडा म्हणजे ताण अस्तरावर जाईल.

१९. ठेवायचं कसं? आमच्याकडे कोकणात तर सगळ्यालाच बुरशी येते.

धुऊन, खळ न घालता, पूर्ण वाळवून. लहान वस्तू सपाट ठेवा. मोठ्या वस्तू घडी न घालता नळीवर गुंडाळा, भरलेली बाजू बाहेर ठेवून. पुठ्ठ्याच्या नळीला आधी मलमल गुंडाळा, आणि वरूनही मलमलच. घडी घालावीच लागली तर घडीत मलमलचा बोळा ठेवा आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदला.

प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट हवा आत कोंडते. लाकडी कपाटाच्या फळीला कापड थेट टेकू देऊ नका, लाकडातलं आम्ल डाग पाडतं. डांबरगोळ्या कापडाला, विशेषतः जरीला लागू देऊ नका. पुरचुंडीत बांधून वरच्या कोपऱ्यात टांगा, किंवा सरळ वेखंड आणि वाळलेला कडुनिंब वापरा, तोही पुरचुंडीतच. पावसाळ्यात कपाट उघडून हवा देण्यापेक्षा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात सगळं बाहेर काढणं उपयोगाचं. उन्हात नाही, पंख्याखाली.

फ्रेम करायची असेल तर काच कापडाला टेकता कामा नये आणि मागे डिंकाऐवजी टाके हवेत. फ्रेमवाल्याला हे दोनदा सांगावं लागतं.

२०. मी अमेरिकेत असते. पणजीचं भरलेलं लुगडं सोबत नेलं तर विमानतळावर अडवतील का?

प्रश्न वयाचा आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. घरची, वारशाची आहे म्हणून सूट नाही. १९५० च्या सुमाराचा टेबलक्लॉथ न्यायला अडचण नाही.

वस्तू शंभरीच्या आसपास वाटत असेल तर आधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. खरोखर शंभरीपार आणि दुर्मीळ असेल तर ती इथेच राहू द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं दालन आणि संवर्धन केंद्र आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंचा मोठा संग्रह आहे. त्यांना पत्र लिहून, फोटो पाठवून विचारता येतं. प्रत्येक वस्तू संग्रहालय घेतंच असं नाही, आणि नकार आला म्हणून वस्तू कमी ठरत नाही.

२१. विकली तर किती येतील?

साध्या घरगुती कामाला निराशा वाटावी इतके कमी. पारशी गाऱ्याला (पारशी बायकांच्या भरलेल्या साडीला), जुन्या बारीक कसुतीला किंवा उत्तम आरीकामाला गिऱ्हाईक आहे, पण तिथेही कोणी भरलं, कुठून आलं हे सांगता आलं तर. म्हणून विकायचं नसलं तरी ज्येष्ठांना विचारून नाव, गाव, अंदाजे साल लिहून ठेवा. कागद टाचणीने टोचू नका. सुती फितीवर पेन्सिलने लिहा आणि ती मागच्या कडेला चार टाक्यांत अडकवा.

२२. टेबलक्लॉथ एक आणि आम्ही तिघी बहिणी. कापून वाटून घेऊ का?

बारा नॅपकिनांसह सेट असेल तर चार-चार नॅपकिन वाटून घ्या, टेबलक्लॉथ एकीकडे ठेवा आणि ज्या घरी कार्य तिथे तो जाईल असं ठरवा. प्रश्न १९ प्रमाणे गुंडाळून, नळीसकट. नॅपकिन नसतील तर नक्षी बटर पेपरवर उतरवून घ्या आणि तिघींनी एकेक भरा. मूळ नक्षी उतरवताना कापडावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरा, पेन्सिल वापरा, पेन जवळपास ठेवू नका. कोणती बहीण आधी भरून पूर्ण करते यावरून पुन्हा भांडण झालं, तर त्याला मात्र आमच्याकडे उत्तर नाही.